ताई, इथं सही कर

शेतात, चुलीपाशी, शिलाई मशीनवर, एसटीच्या थांब्यावर कानाला मोबाइल लावून आम्हाला ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आमचा नमस्कार.

गेल्या दिवाळीत आमच्या रेडिओवर एका मैत्रिणीचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. भाऊबीजेला तिचा भाऊ आला होता. ओवाळून झालं, ताटात पाचशेची नोट पडली, साडी मिळाली, जेवणं झाली. मग भावानं पिशवीतून कागद काढले. "ताई, इथं सही कर. आणि सोमवारी तासाभरासाठी तालुक्याला ये, रजिस्टर ऑफिसात अंगठा द्यायचाय." तिच्या माहेरच्या शिवारातून रस्ता जायचा होता, जमिनीचे पैसे यायचे होते. तिनं विचारलं, "कशाचे कागद रे?" भाऊ म्हणाला, "काही नाही गं, नुसती फॉर्मॅलिटी आहे." तिनं रविवारी आम्हाला फोन केला आणि एकच विचारलं, "सही करू का नको?"

आम्ही तिला कर म्हणालो नाही, नको करू असंही म्हणालो नाही. तो तिचा निर्णय होता. आम्ही एवढंच म्हणालो की बाई, ज्या हक्कावर तू उद्या पाणी सोडणार आहेस तो तुझ्यापर्यंत कसा आला, तेवढं आधी ऐक. तिला फोनवर थोडक्यात सांगितलं, ते आज तुम्हाला सविस्तर सांगतोय. कारण असा कागद आपल्यातल्या बहुतेकींच्या पुढे एकदा तरी येतो.

जुन्या काळापासून सुरुवात करू. आपल्याकडे बाईचं म्हणून जे होतं त्याला स्त्रीधन म्हणत. लग्नात मिळालेले दागिने, भांडीकुंडी, लुगडी. जमीन त्यात क्वचितच यायची. वारसाच्या बाबतीत आपल्या भागात चालायचा तो विज्ञानेश्वरांचा 'मिताक्षरा' हा ग्रंथ. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी तो लिहिला गेला. त्यातला मुख्य नियम असा की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो. पोरगा जन्मला की हिस्सेदार झाला. पोरगी जन्मली तर तिला पोसायचं, उजवायचं, पाठवायचं. विधवेला अन्नवस्त्र. एखाद्या मोठ्या घरात चोळीबांगडीसाठी म्हणून तुकडा मिळाला तर मिळाला.

पुढे इंग्रज आले. त्यांच्या कोर्टांनी हे ग्रंथ कायदा म्हणून धरले. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचा इतिहासात फारसा गाजावाजा होत नाही. त्यांनी जमीन मोजली आणि नावं लिहिली. सारा कोण भरणार, त्याचं नाव खात्याला लागलं. 1903 साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो त्याचं मूळ या नोंदींमध्ये आहे. सारा भरायला चावडीवर जायचा तो पुरुष, म्हणून नावही पुरुषाचं. खुरपणी, वेचणी, मळणी, गुरांचं सगळं बाई करायची. पण कागदावर काम लागत नाही, नाव लागतं.

इथून पुढे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक कायदा आणि दुसरी नोंद. कायदा हक्क देतो. नोंद तो हक्क दाखवते. या दोघींची गाठ पडत नाही तोवर बाईच्या हाती काही येत नाही. पुढची सगळी गोष्ट याच दोघींची आहे.

1927 साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. बायका जमल्या होत्या त्या मुलींच्या शिक्षणासाठी. पण शिकलेल्या मुलीच्या हातात स्वतःचं काहीच नसेल तर ती शिकून करणार काय, हा प्रश्न लवकरच आला. मग परिषदेनं वारसाहक्काचा विषयही हाती घेतला. त्याच सुमारास मुंबईचे एक मराठी शल्यविशारद, डॉ. गोपाळराव देशमुख, मध्यवर्ती कायदेमंडळात होते. त्यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचं विधेयक आणलं. मूळ विधेयकात मुलीचाही विचार होता. चर्चेच्या घुसळणीत मुलगी गळाली आणि विधवा तेवढी उरली. 1937 साली कायदा झाला. नवऱ्यामागे विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तिच्या हयातीपुरता. खायचं, राखायचं, आपल्या मर्जीनं विकायचं नाही. त्यातही 1941 मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय, त्यामुळे हा कायदा शेतजमिनीला आपोआप लागू होत नाही. म्हणजे खेड्यातल्या विधवेजवळ जे एकच धन असायचं, नेमकं तेच बाहेर राहिलं. प्रांतानं वेगळा कायदा केला तरच तिची सोय.

1941 मध्येच सर बेनेगल राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिथून हिंदू कोड बिल उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते हाती घेतलं. राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा धरला होता, आंबेडकरांच्या वेळी तो मुलाइतका झाला. शिवाय पोरगा जन्मताच हिस्सेदार, हा मिताक्षरातला नियमच काढून टाकायचा होता. यावर देशभर केवढं वादळ उठलं! कुटुंबं मोडतील, बहीण-भाऊ कोर्टात जातील, जमिनीचे तुकडे होतील. मैत्रिणींनो, आज भाऊबीजेच्या ताटापाशी जे ऐकायला येतं, तेच तेव्हा संसदेत बोललं जात होतं. चार वर्षं चर्चा चालली, विधेयक पुढे सरकेना. 27 सप्टेंबर 1951 रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडणं हे एक मोठं कारण होतं. आपल्या वाट्याच्या जमिनीसाठी एका माणसानं मंत्रिपद सोडलंय, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

पुढे त्या एका बिलाचे चार कायदे झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा संसदेत पुढे नेला तो खानदेशातल्या हरी विनायक पाटसकरांनी. 17 जून 1956 पासून तो लागू झाला. त्यानं एक मोठं काम केलं. बाईकडे जी मालमत्ता असेल ती तिची पूर्ण मालकीची झाली, हयातीपुरतीची अट गेली. मुलगी, आई, विधवा या पहिल्या वर्गातल्या वारस झाल्या. पण आंबेडकरांना जो नियम काढायचा होता तो तसाच ठेवला. वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हिस्सा फक्त मुलाचा.

यानं फरक काय पडला? हिशेब मांडून पाहू. समजा, बारा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. आई आधीच वारलेली आहे. वडील, दोन भाऊ, एक बहीण. वडील गेले. 1956 च्या कायद्यानं आधी वडील आणि दोन मुलगे यांच्यात तीन वाटे धरायचे, चार-चार एकर. मग वडिलांच्या चार एकरांत तिघा भावंडांचे सारखे भाग. एकेकाला एक एकर तेरा गुंठे. म्हणजे भावांना प्रत्येकी पाच एकर तेरा गुंठे आणि बहिणीला एक एकर तेरा गुंठे. वडिलांनी आपला वाटा मृत्युपत्रानं मुलांना लिहून दिला, तर तेवढंही नाही. आणि राहत्या घरात भाऊ वाटे पाडायला तयार होईपर्यंत बहिणीला वाटणी मागता येत नव्हती. त्या घरात राहण्याचा हक्क होता, तोही मुलगी अविवाहित, टाकलेली किंवा विधवा असेल तर.

याच काळात महाराष्ट्रात कूळकायदा जोरात होता. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, कसणारा कूळ त्या दिवशी मालक झाला. "कसेल त्याची जमीन" ही घोषणा आपल्या आजोबांनी दिली. फार मोठी गोष्ट होती ती. पण घोषणेतला शब्द नीट ऐका, "त्याची". कसणारी आजी त्याच शेतात वाकलेली होती, तिचं नाव लागलं नाही. कुटुंबप्रमुखाचं लागलं.

पुढची तीस वर्षं कायद्याच्या बाजूला फार काही हललं नाही. हललं ते गावात. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेनं शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं. लाखाच्या वर बाया जमल्या. आपल्या आयांपैकी, सासवांपैकी कुणी गेल्या असतील तर त्यांना विचारा, बैलगाडीनं, ट्रकनं, मिळेल त्या वाहनानं बाया गेल्या होत्या. कांदा-कापसाच्या भावासाठी लाठ्या खाणाऱ्या बाया तिथं पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या. भाव मिळाला तर पैसा कुणाच्या हातात येतो, हा प्रश्न तिथं निघाला.

त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शरद जोशींनी शेतकऱ्यांना सांगितलं की सरकारकडे कर्जमुक्ती मागता, पण घरच्या लक्ष्मीचं कर्ज तुमच्या डोक्यावर आहे, ते कोण फेडणार? आयुष्यभर तिनं राबून दिलं, त्याची परतफेड म्हणून जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव, तिथं जोशी स्वतः येणार. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं सुरुवातीचं, नाव झालेलं गाव. पुढे शेकडो गावांत हे झालं. कायदा नाही, कोर्ट नाही, सरकारी अनुदान नाही. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोचं नाव लावलं. मग 1992 साली राज्य सरकारनंही परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावावं. ते आजही लक्ष्मीमुक्तीच्याच नावानं ओळखलं जातं.

या कार्यक्रमाचं मोल आम्हाला कमी करायचं नाही. पण त्यातली मेख सांगायला हवी. नवऱ्यानं अर्ज केला, तर. तो चांगला असला, त्याच्या मनात आलं, तर. जिथं नवरा पिणारा, टाकून देणारा, तिथल्या बाईला गरज सगळ्यात जास्त आणि तिलाच मिळणं अवघड. दिलं तर ती देणगी असते. हक्काला कुणाच्या चांगुलपणाची गरज लागत नाही.

तो हक्क आला 22 जून 1994 ला. महाराष्ट्रानं आपलं महिला धोरण जाहीर केलं, असं धोरण आणणारं हे देशातलं पहिलं राज्य. आणि त्याच तारखेपासून राज्यानं हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती लागू केली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगीही मुलासारखी जन्मानं हिस्सेदार. केरळनं 1975 मध्ये जन्मानं हिस्सा ही पद्धतच रद्द केली होती, आंध्रनं आणि तामिळनाडूनं ऐंशीच्या दशकात ही वाट काढली होती, आपल्या पाठोपाठ त्याच वर्षी कर्नाटकही आलं. पण आपल्या दुरुस्तीत एक अट होती. 22 जून 1994 च्या आधी जिचं लग्न झालं, तिला हे लागू नाही. आता सांगा, तेव्हा गावोगावच्या मोठ्या बहिणींची लग्नं झालेलीच होती. एकाच घरात धाकटी हिस्सेदार आणि थोरली परकी. एका आईच्या पोटच्या दोघी, मध्ये फक्त मंगळसूत्राची तारीख.

ही अट मोडली ती 9 सप्टेंबर 2005 ला, केंद्राच्या दुरुस्तीनं. लग्न झालेलं असो, नसो, आधी झालेलं असो, मुलगी जन्मानं हिस्सेदार. राहत्या घराची आडकाठीही काढली. आता तोच बारा एकरांचा हिशेब पुन्हा करा. वडील, दोन मुलगे, एक मुलगी, असे चार वाटे, तीन-तीन एकर. वडिलांच्या तीन एकरांत तिघांना एकेक. बहिणीला चार एकर, भावांनाही चार-चार. एक एकर तेरा गुंठ्यांवरून चार एकर! यासाठी 1956 पासून एकोणपन्नास वर्षं लागली.

तरी भांडण उरलंच. वडील 2005 च्या आधी वारले असतील तर? 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्या तारखेला वडील हयात हवेत. 2018 मध्ये दुसऱ्या निकालात वडील 2001 ला वारलेले असूनही मुलींना वाटा मिळाला. खालच्या कोर्टांतही गोंधळ. शेवटी 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्यामुळे 2005 ला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उकरता येत नाही. आणि "तोंडी वाटणी झाली होती" असं नुसतं म्हणून चालणार नाही, तसा भक्कम सरकारी कागदाचा पुरावा लागेल.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख मैत्रिणींना लागू आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी मैत्रिणींचे वारसाचे कायदे वेगळे आहेत, त्यांच्यावर स्वतंत्र बोलू. अनुसूचित जमातींना तर 1956 चा कायदा मुळातच लागू केलेला नाही. पण आदिवासी मैत्रिणींसाठी 2006 च्या वनहक्क कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. वनजमिनीचा पट्टा मिळाला आणि माणूस लग्नाचा असेल, तर तो नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा. इथं नवऱ्याच्या मर्जीचा प्रश्न ठेवलेलाच नाही. कायदा आणि नोंद एकाच वाक्यात आल्या.

आता एक गोष्ट लक्षात आली का? लेक म्हणून आपल्याला हक्क आहे. विधवा म्हणून आहे. पण नवरा जिवंत असताना बायको म्हणून त्याच्या जमिनीत आजही आपोआप हक्क नाही. शेजारी गोव्यात तसं नाही. तिथं 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी, आणि घर-जमीन विकायची तर दोघांची सही लागते. आपल्याकडे 2003 साली 'घर दोघांचे' अभियान आलं, ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव. ज्या गावांत ग्रामसेवक, सरपंच मनावर घेऊन दारोदार फिरले तिथं ते झालं. अनेक ठिकाणी उतारे अजून एकट्याचेच आहेत. 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावानं राहतं घर विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. त्यामुळे काही घरांत तरी "तुझ्या नावावर घेऊ" हे वाक्य निघायला लागलं. सवलतीसाठी का होईना, निघालं.

एवढे कायदे झाले, मग जमिनी बायांच्या झाल्या का? देशाच्या 2015-16 च्या कृषिगणनेत शंभर खातेदारांत बाया होत्या सुमारे चौदा. शेतात मात्र उभं राहून बघा, किती बाया वाकलेल्या दिसतात. हा फरक का? कारण कायदा दिल्लीत आणि मुंबईत बदलला, नोंद गावात राहिली.

जुने उतारे काढून बघा. कितीतरी सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नसतो, बाकीच्यांच्या वतीनं नोंदलेला असतो. पण वर्षं जातात आणि सगळे त्यालाच मालक समजायला लागतात. दुसरं, बहिणींची, आईची नावं लावली तरी मालकाच्या रकान्यात न लावता 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली दिसतात. उताऱ्यावर नाव दिसतं म्हणून बाई समाधानानं घरी येते आणि नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघत नाही. तिसरं, वडील गेल्यावर वारसांची यादी देताना मुली सांगितल्याच जात नाहीत.

आणि नाव नसलं की काय होतं? पीककर्ज नावावर मिळतं. पीकविमा, नुकसानभरपाई, वर्षाचे सहा हजारांचे किसान सन्मानचे पैसे, सगळ्याला उतारा लागतो. रस्त्यात, धरणात जमीन गेली की मोबदला उताऱ्यावरच्या नावाला. नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या कितीजणींना आपण ओळखतो, ज्यांच्या डोक्यावर कर्ज राहिलं आणि जमीन सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. कर्ज तिचं, जमीन त्यांची.

शेवटी उरतं ते हक्कसोडपत्र. कायदा मोडायला लागत नाही, नोंद खोटी करायला लागत नाही. बहिणीच्या एका सहीत शंभर वर्षांचं काम परत जातं. आणि ती सही कुणी हात पिरगाळून घेत नाही. ती प्रेमानं घेतली जाते. "माहेर तुटेल गं." "तुझ्या लग्नात केलं होतं की एवढं." लग्नातला खर्च आणि हुंडा गेला तो सासरच्यांच्या घरात आणि मांडवात, तुमच्या नावावर त्यातलं काय राहिलं ते स्वतःला विचारा. शिवाय हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे, गुन्ह्याची वजावट वाट्यातून होत नाही.

पण आपण आपल्याशीही खरं बोलू. एका घरात आपण बहीण असतो, तशा दुसऱ्या घरात आपण वहिनी असतो. नणंद वाटा मागायला आली की आपणच म्हणतो, "हिला काय कमी आहे?" आपल्या भावाकडून आपल्याला हवं आणि आपल्या नवऱ्याच्या बहिणीला नको, असं दोन्हीकडून चालत नाही. आमच्यातल्याही काहींच्या घरी हा प्रश्न आहे. आम्ही काही धुतल्या तांदळाच्या नाही.

म्हणून आम्ही सांगतो ते एवढंच. भावाला जमीन कसू दे, पण आपलं नाव राहू दे. नाव राहिलं म्हणून उद्याच वाटणी करून विकायला लागत नाही. ज्या भावानं आईबापांना सांभाळलं, दवाखाने केले, त्याच्यासाठी कुणाला खरंच हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा. पण किती एकर आहे, गट नंबर कोणता, किंमत काय, मोबदला किती येणार, हे कळल्यावर सोडा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घेता येत नाही, फसवणूक झाली असं कोर्टात सिद्ध करावं लागतं.

करायचं काय? आधी माहेरचा सातबारा आणि आठ-अ काढा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो, त्यासाठी भावाकडे मागायची गरज नाही. आपलं नाव मालकाच्या रकान्यात आहे का बघा. वडील वारले असतील तर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आपणही देऊ शकतो. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, नोटीस आली तर ती चुलीवरच्या डब्यात ठेवून विसरू नका. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जाऊन विचारा.

आमच्या त्या मैत्रिणीचं काय झालं, ते सांगून थांबतो. सोमवारी ती तालुक्याला गेली नाही. भावाला म्हणाली, "मला आधी उतारा बघू दे." उताऱ्यावर तिचं नाव नव्हतंच, तिच्या धाकट्या बहिणीचंही नव्हतं. दोघींनी मिळून वारसनोंदीचा अर्ज दिला. भावानं दोन महिने फोन उचलला नाही. नंतर उचलायला लागला, पण बोलणं कामापुरतं. यंदाच्या राखीला तो आला नाही, तिनं पोस्टानं राखी पाठवली. नोंद मंजूर झाली. मोबदला अजून यायचा आहे. ती म्हणते, "जमीन त्यालाच कसू दे, मला काही नांगर धरायचा नाही. पण बापाच्या कागदावर माझं नाव बघितलं आणि पहिल्यांदा वाटलं, मीही त्याच घरातली." माहेर तुटलं का, असं आम्ही विचारलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "थोडं दुखावलंय. तुटलंय का ते दिवाळीला कळेल."

आम्हीही दिवाळीची वाट बघतोय. तोवर तुम्ही आपापल्या माहेरचा उतारा काढून बघा, आणि सासरचा काढाल तेव्हा त्यावर नणंदेचं नाव आहे का तेही बघा. पुढच्या भागात सातबारा कसा वाचायचा, कुठला रकाना कशाचा, ते एकेक करून सांगू. उतारा हातात घेऊन बसा. नमस्कार.